आययूआय: निम्मी वाट उपचाराची, उरलेली शुक्राणूंची

मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्या की दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच 'आययूआय करून बघू' हे वाक्य कानावर पडतं. त्या क्षणी मान डोलावली जाते. घरी आल्यावर लक्षात येतं की नक्की काय करणार, हे नीट कळलेलंच नाही. कुणाला वाटतं, हीच टेस्ट ट्यूब बेबी. कुणाला वाटतं, यात परक्याचं वीर्य वापरतात. कुणाला वाटतं, एकदा केलं की दिवस राहणारच. तिन्ही समज चुकीचे आहेत, आणि तिसरा सर्वांत जास्त दुखावतो.

आययूआय म्हणजे इन्ट्रायुटेराइन इन्सेमिनेशन. वीर्यातले चांगले पळणारे शुक्राणू वेगळे काढायचे आणि बारीक, मऊ नळीने थेट गर्भाशयात सोडायचे. बस, एवढंच. स्त्रीबीज शरीराबाहेर काढत नाहीत, भूल देत नाहीत, प्रयोगशाळेत गर्भ तयार करत नाहीत. ते सगळं आयव्हीएफमध्ये होतं, ज्याला आपण टेस्ट ट्यूब बेबी म्हणतो. आययूआयमध्ये बीज आणि शुक्राणू एकमेकांना शरीरातच, आपले आपण भेटतात. वीर्य बहुतेक वेळा नवऱ्याचंच असतं. दात्याचं वापरायचं असेल तर दोघांची स्पष्ट, लेखी संमती घेतल्याशिवाय ते होता कामा नये.

## मुळात वाट किती अवघड असते

शुक्राणूची लांबी मिलिमीटरचा विसावा भाग. त्याला गाठायचं असतं गर्भनलिकेचं बाहेरचं, रुंद टोक, म्हणजे योनीपासून साधारण १५ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त. वाटेत पहिला दरवाजा गर्भाशयाच्या मुखाचा. तिथला चिकट स्राव महिन्यातले मोजकेच दिवस पातळ होतो, एरवी तो जवळजवळ बंद दारासारखा. निघतात कोट्यवधी, बीजाच्या आसपास पोचतात काही शे. त्यात बीज फुटल्यावर, म्हणजे अंडाशयातून बाहेर पडल्यावर, जेमतेम १२ ते २४ तास टिकतं.

हे सगळं जुळून यायचं म्हटल्यावर, ज्यांच्यात काहीच अडचण नाही अशा तरुण जोडप्यांनाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण २० ते २५ टक्केच असते. म्हणून तर एक वर्ष नियमित प्रयत्न केल्यावरच तपासण्या करायला सांगतात. स्त्रीचं वय ३५ च्या पुढे असेल तर मात्र सहा महिनेच थांबायचं.

आययूआय या वाटेत दोन गोष्टी करते. शुक्राणूंना सुरुवातीचा अवघड टप्पा ओलांडून गर्भाशयात नेऊन ठेवते, म्हणजे जवळजवळ निम्मी वाट वाचते. आणि त्यांना योग्य वेळी तिथे पोचवते. पुढचं पोहणं, नलिकेत शिरणं, बीजात घुसणं आणि नंतर गर्भाचं रुजणं यांतलं काहीही आययूआय करत नाही. एवढं मनात पक्कं बसलं की कुणाला ती लागू पडते, कुणाला नाही आणि ती का फसते, याची बहुतेक उत्तरं आपोआप मिळतात.

## कुणासाठी आहे, कुणासाठी नाही

पहिली अट: निदान एक गर्भनलिका उघडी हवी. पुढचा रस्ताच बंद असेल तर शुक्राणू अर्ध्यावर नेऊन सोडून काय उपयोग? नलिका तपासायला एचएसजी नावाचा एक्स-रे काढतात. पाळी थांबल्यावर, साधारण सहाव्या ते अकराव्या दिवसाच्या दरम्यान, गर्भाशयात एक्स-रेवर दिसणारं औषध सोडतात आणि ते दोन्ही बाजूंनी बाहेर सांडतं का, ते पाहतात. सोनोग्राफीवरही अशी तपासणी होते. नलिकांची तपासणी न करताच आययूआयचं एकामागून एक चक्र, म्हणजे दर पाळीनंतरचा एक प्रयत्न, चालू असेल तर तिथेच थांबवा आणि कारण विचारा.

दुसरी अट: बीज तयार व्हायला हवं, स्वतःहून किंवा औषधांनी. तिसरी: वीर्यात पुरेसे पळणारे शुक्राणू हवेत.

या तिन्ही अटी पूर्ण होऊनही दिवस राहत नसतील आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल असतील, तर त्याला 'कारण न सापडलेलं वंध्यत्व' म्हणतात. आययूआय करणाऱ्यांत अशी जोडपी पुष्कळ असतात. काउंट (शुक्राणूंची संख्या) किंवा हालचाल थोडी कमी असणं, पीसीओएसमध्ये, म्हणजे हार्मोनच्या बिघाडाने बीज वेळेवर फुटत नाही त्या त्रासात, नुसत्या गोळ्यांनी आणि संबंधांनी जमलेलं नसणं, गर्भाशयमुखावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असणं, ही इतर कारणं. आणखी एक कारण असतं, ज्याबद्दल लोक संकोचाने बोलत नाहीत. शरीरसंबंधच नीट जमत नाहीत, लिंगाला ताठरता येत नाही, वेदनेमुळे संबंध शक्य होत नाहीत, किंवा वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. अशा जोडप्यांत बीज आणि शुक्राणू दोन्ही बऱ्याचदा ठणठणीत असतात, म्हणून त्यांना आययूआयचा चांगला फायदा होऊ शकतो. डॉक्टरांना हे सांगायला लाजू नका. न सांगितल्यामुळे नको त्या तपासण्यांत वर्षं जातात.

दोन्ही नलिका बंद असतील, वीर्यात शुक्राणू अत्यंत कमी असतील, किंवा एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) पुढच्या टप्प्यातला असेल तर आययूआयमध्ये वेळ घालवू नये. स्त्रीचं वय ४० च्या पुढे असेल तर एका चक्रातलं यश बहुधा ५ टक्क्यांच्याही खाली जातं. तिथे वेळ हीच सर्वांत महागडी गोष्ट असते.

## काउंटचा रिपोर्ट वाचताना

वीर्यतपासणी ही सगळ्यात सोपी, बिनदुखणारी तपासणी. तरीही अनेक घरांत बायकोच्या सगळ्या तपासण्या उरकल्यावरच ती होते. हा क्रम उलटा हवा. पहिल्याच आठवड्यात ती करून घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत किमान आकडे असे आहेत: वीर्य १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरमध्ये १६ मिलियन म्हणजे १ कोटी ६० लाख शुक्राणू, हालचाल करणारे ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, आणि नीट आकाराचे फक्त ४ टक्के. '९६ टक्के खराब' असं वाचून हादरू नका, निसर्गातच ते तसं असतं. शिवाय ही पास-नापासाची रेषा नाही. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस राहिले अशा पुरुषांच्या नमुन्यांतले सर्वांत खालचे ५ टक्के या आकड्यांच्या खाली होते. म्हणजे आकडा कमी असूनही ते बाप झाले.

आययूआयसाठी खरा महत्त्वाचा आकडा वेगळा आहे: एकूण पळणारे शुक्राणू किती. तो तीन आकड्यांचा गुणाकार करून काढतात. समजा वीर्य २ मिलिलिटर, दर मिलिलिटरमध्ये २ कोटी शुक्राणू आणि हालचाल ४० टक्के. एकूण ४ कोटी, त्यातले पळणारे १ कोटी ६० लाख. धुतल्यावर, म्हणजे चांगले शुक्राणू वेगळे काढल्यावर, यातले बरेच गळतात आणि हाती ५०-६० लाख उरतात. ५० लाखांच्या वर असतील तर आशा ठीक. १० लाखांच्या खाली गेले तर आययूआयने दिवस राहणं विरळा, आणि हे चक्र सुरू होण्याआधी कळलेलं बरं.

एकाच रिपोर्टवर निकाल लावू नये. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७२ ते ७४ दिवस लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीचा मोठा ताप आजच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो. आणि एक कळकळीची सूचना. शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असाल तर ती डॉक्टरांना सांगा. बाहेरून हे हार्मोन मिळालं की अंडकोष शुक्राणू बनवणं थांबवतात, कधी कधी काउंट शून्यावर येतो.

## पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी होते. अंडाशयात जुनी गाठ राहिलेली नाही ना, हे पाहून साधारण पाच दिवसांच्या गोळ्या सुरू करतात. लेट्रोझोल रोज २.५ ते ५ मिलिग्रॅम किंवा क्लोमिफीन रोज ५० ते १०० मिलिग्रॅम, हे नेहमीचे डोस. काहींना गोनॅडोट्रोपिनची, म्हणजे अंडाशयाला थेट चालना देणाऱ्या हार्मोनची, इंजेक्शनं देतात. संबंध जमत नसल्याने आययूआय करायची आहे आणि पाळी नियमित आहे, अशांना यातलं काहीच लागत नाही.

नवव्या-दहाव्या दिवसापासून फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे सोनोग्राफीवर फॉलिकलची वाढ पाहणं. फॉलिकल म्हणजे बीज ज्यात वाढतं तो पाण्याने भरलेला फुगा. तो रोज दीड-दोन मिलिमीटर वाढतो. १८ ते २० मिलिमीटर झाला आणि गर्भाशयाचं अस्तर ७-८ मिलिमीटर जाड झालं की एचसीजी या हार्मोनचं, बीज फुटायला लावणारं ट्रिगर इंजेक्शन देतात. त्यानंतर ३६ ते ४० तासांत बीज फुटतं आणि आययूआय साधारण २४ ते ३६ तासांनी करतात. आधी का? गाडी यायच्या आधी फलाटावर असलेलं बरं. बीज तासांचं धनी असतं आणि धुतलेले शुक्राणूही नैसर्गिक वाटेने गेलेल्यांइतके दिवस टिकत नाहीत, कारण गर्भाशयमुखातला त्यांचा विसावा आपण गाळलेला असतो. म्हणून ट्रिगर रात्री अकराला सांगितलं असेल तर अकरालाच घ्या आणि वेळ लिहून ठेवा.

इथे तीन गोष्टी बिघडू शकतात. शरीर स्वतःच घाई करतं आणि ट्रिगरच्या आधीच बीज फुटतं. क्लोमिफीनने काहींचं अस्तर पातळ राहतं, मग पुढच्या वेळी औषध बदलतात. तिसरा बिघाड सर्वांत महत्त्वाचा: एकाऐवजी चार-पाच फुगे वाढतात. लोकांना वाटतं, जास्त बीजं म्हणजे जास्त संधी. पण खरा धोका जुळ्या-तिळ्यांचा, आणि तिळी म्हणजे वेळेआधी जन्मलेली, काचेच्या पेटीत झगडणारी बाळं. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ९०० जोडप्यांच्या अभ्यासात, आययूआयबरोबर गोनॅडोट्रोपिन घेतलेल्यांच्या गरोदरपणांत ३२ टक्के वेळा एकाहून जास्त गर्भ होते. लेट्रोझोलमध्ये ते १३ टक्के होते आणि क्लोमिफीनमध्ये ९ टक्के. दोनपेक्षा जास्त फुगे १५ मिलिमीटरच्या पुढे गेले तर अनेक डॉक्टर ते चक्र रद्द करतात आणि संबंधही टाळायला सांगतात. मन खट्टू होतं, पण तो डॉक्टर तुमच्या भल्याचंच करतोय.

## नमुना देणं आणि धुणं

दोन ते पाच दिवस संयम पुरे. दहा दिवस थांबलं तर संख्या वाढते, पण मेलेले आणि सुस्त शुक्राणूही वाढतात. नमुना निर्जंतुक, रुंद तोंडाच्या डबीत द्यायचा. वंगण, तेल, थुंकी, साबण काही नको, यातलं बरंच शुक्राणूंना मारक असतं. साधा निरोधही नको. पहिल्या थेंबांत सर्वांत जास्त शुक्राणू असतात. ते सांडले तर लपवू नका, प्रयोगशाळेला सांगा. घरून आणायचा असेल तर तासाभरात, अंगाजवळ खिशात ठेवून आणा. बर्फावर तर मुळीच नको.

ऐन वेळी नमुना देता न येणं ही फार सामान्य गोष्ट आहे. घड्याळ, दारावरची माणसं, मनावरचं ओझं, या सगळ्यात ते होतं. त्यात पुरुषत्वाचा काही प्रश्न नाही. भीती वाटत असेल तर आधीच एक नमुना गोठवून ठेवायला सांगा, म्हणजे बायकोची पंधरा दिवसांची औषधं वाया जात नाहीत.

वीर्य २०-३० मिनिटांत पातळ होतं, मग ते धुतात. 'धुणं' हा शब्द थोडा फसवा आहे, हे खरं तर पाखडणं आहे. एका नळीत तळाशी ८० टक्क्यांचं दाट द्रावण, त्यावर ४० टक्क्यांचं पातळ, आणि त्यावर वीर्य घालून यंत्रात फिरवतात. मेलेले शुक्राणू, पू-पेशी आणि कचरा वरच अडकतात, जोमदार शुक्राणू तळाशी जमतात. ते पोषक द्रवात पुन्हा धुऊन अखेर ०.३ ते ०.५ मिलिलिटर द्रवात ठेवतात. दुसऱ्या पद्धतीत वीर्यावर पोषक द्रव ठेवून पाऊण-एक तास थांबतात, जे पोहून वर येतील ते घेतात.

न धुता का चालत नाही? नैसर्गिक संबंधांत वीर्यातला द्रव योनीतच राहतो, गर्भाशयात फक्त शुक्राणू जातात. त्या द्रवात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन असतं. ते थेट गर्भाशयात गेलं तर जबरदस्त कळा येतात, शिवाय जंतुसंसर्गाची भीती.

डॉक्टरांनी धुतलेल्या शुक्राणूंची नळी हातात घेतली की तिच्यावरचं नाव तुम्हा दोघांना दाखवायला सांगा आणि मोठ्याने वाचा. अदलाबदल टाळण्याचा हा सर्वांत साधा उपाय आहे, आणि चांगल्या प्रयोगशाळेला त्याचा राग येत नाही.

## प्रत्यक्षात पाच-दहा मिनिटं

आतल्या तपासणीसारखंच झोपवतात, गर्भाशयमुख दिसेल असं उपकरण लावतात, मऊ नळी आत सरकवून तिचं टोक गर्भाशयाच्या छताच्या थोडं अलीकडे ठेवतात आणि शुक्राणू हळूहळू सोडतात. पाळीच्या कळेसारखी हलकी चमक येते. मूत्राशय थोडं भरलेलं असेल तर पुढे झुकलेलं गर्भाशय सरळ होतं आणि नळी सहज जाते, म्हणून पाणी पिऊन यायला सांगतात. मुख अरुंद किंवा वाकडं असेल तर वेळ लागतो, नळीला रक्त लागू शकतं, कधी सोनोग्राफी लावून करावं लागतं. त्यानंतर एखादा दिवस रक्ताचा डाग दिसला तर घाबरू नका. ताप, वाढत जाणारी पोटदुखी किंवा दुर्गंधी येणारा स्राव मात्र त्याच दिवशी दाखवा. संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर नलिकांनाच धोका.

## 'उभं राहिलं की सगळं बाहेर येईल ना?'

नाही. गर्भाशय म्हणजे उलटी धरलेली बाटली नव्हे. त्याच्या पुढच्या-मागच्या भिंती मिटलेल्या पुस्तकाच्या पानांसारख्या चिकटलेल्या असतात आणि शुक्राणू त्यांच्यामध्ये पसरतात. जो ओलावा जाणवतो तो बहुतांशी योनीतला स्राव आणि मुखाशी उरलेला द्रव असतो. नेदरलँड्समधल्या २००९ च्या अभ्यासात पंधरा मिनिटं पडून राहिल्याने फायदा दिसला होता, पण तिथल्याच २०१७ च्या अभ्यासात तो दिसला नाही. दहा मिनिटं पडून राहिलात तरी हरकत नाही, लगेच उठलात तरी नाही. त्यानंतरची पंधरा दिवसांची सक्तीची विश्रांती, जिना न चढणं, कामावर न जाणं यांना कसलाच आधार नाही. चक्र फसलं तर 'तिने त्या दिवशी बादली उचलली होती' असं घरात कुणी म्हणत असेल, तर त्यांना हा परिच्छेद वाचायला द्या.

## यश किती, आणि किती वेळा करायचं

वय, कारण आणि औषधं यांनुसार एका चक्रात साधारण ८ ते १५ टक्के. आकडा छोटा वाटतो, पण निरोगी जोडप्यांचाच २०-२५ आहे, हे आठवा. १२ टक्के धरले तर पहिल्यांदा न राहण्याची शक्यता ८८. सलग तीनदा न राहण्याची ८८ टक्क्यांचे ८८ टक्के, त्याचे पुन्हा ८८ टक्के, म्हणजे सुमारे ६८. उरलेले ३२ टक्के हे तीन चक्रांचं मिळून यश. न्यूझीलंडमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असंच काहीसं दिसलं. कारण न सापडलेल्या २०१ जोडप्यांत, गोळ्यांसह तीन आययूआय केलेल्यांपैकी ३१ टक्के आणि तेवढाच काळ नुसती वाट पाहिलेल्यांपैकी ९ टक्के जोडप्यांना मूल झालं.

याचा अर्थ, एकदाच करून 'लागू पडत नाही' म्हणणं घाईचं आहे, आणि सातवी-आठवी आययूआय करत राहणंही चूक आहे. ज्यांना राहायचं असतं त्यांना बहुधा पहिल्या तीन-चार चक्रांत राहतं. आकडा सुरुवातीलाच डॉक्टरांबरोबर बसून ठरवा. निराशेच्या दिवशी असे निर्णय नीट होत नाहीत. एकाच चक्रात लागोपाठ दोन दिवस आययूआय करण्याचा बहुतेकांना ठळक फायदा दिसलेला नाही.

## 'मग थेट आयव्हीएफच का नको?'

प्रश्न रास्त आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ साली, कारण न सापडलेल्या जोडप्यांना आययूआय सरसकट देऊ नये, अशीच शिफारस केली होती. वर दिलेला न्यूझीलंडचा अभ्यास त्यानंतरचा. आयव्हीएफमध्ये दर चक्राचं यश जास्त असतं, पण इंजेक्शनं, भूल, सुईने बीजं काढणं आणि खर्च हे सगळंच कितीतरी पट वाढतं. माझं मत विचाराल तर वय ३५ च्या आत, नलिका उघड्या आणि धुतल्यावर ५० लाखांच्या वर शुक्राणू असतील, तर तीन आययूआय करून बघणं शहाणपणाचं. ३८ च्या पुढे ही चर्चा पहिल्याच भेटीत व्हावी.

धुतल्याने बाळात दोष येईल का, हीही शंका विचारली जाते. धुताना शुक्राणूच्या आत काहीही बदल करत नाहीत, आणि बीजापर्यंत तो स्वतःच पोहून जातो. गर्भपाताची शक्यता मुख्यतः स्त्रीच्या वयावर ठरते.

## ते चौदा दिवस

गर्भाशयाचं अस्तर टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या गोळ्या दिल्या असतील तर स्तन दुखणं, पोट फुगणं, झोप येणं हे सगळं त्यांच्यामुळेही होतं. लक्षणांवरून अंदाज बांधू नका. घरी आठव्या-नवव्या दिवशी पट्टी लावूही नका. ट्रिगरमधलं एचसीजी आणि गरोदरपणाचं एचसीजी एकच असतं, इंजेक्शनचा अंश दहा-बारा दिवस शरीरात राहू शकतो आणि खोटी दुसरी रेघ दाखवतो. तो आनंद नंतर फार महागात पडतो. चौदाव्या दिवशी रक्ताची बीटा-एचसीजी तपासणी करा. प्रोजेस्टेरॉनमुळे पाळी लांबू शकते, म्हणून पाळी आली नाही एवढ्यावरही विसंबू नका आणि तपासणीआधी गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका.

तपासणी पॉझिटिव्ह आली तर गरोदरपणाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी होते. गर्भ नलिकेत अडकलेला नाही ना आणि एकच आहे ना, हे तेव्हा कळतं. त्याआधी एका बाजूला तीव्र दुखलं, चक्कर आली किंवा रक्तस्राव झाला तर वाट पाहू नका. निगेटिव्ह आली तर गोळ्या बंद केल्यावर काही दिवसांत पाळी येते. पुढच्या भेटीला जाताना या चक्राचे चार आकडे लिहून न्या: ट्रिगरच्या दिवशी फुगा किती मिलिमीटर होता, अस्तर किती होतं, धुतल्यावर पळणारे शुक्राणू किती उरले, आणि ट्रिगरनंतर किती तासांनी आययूआय झाली. पुढच्या वेळी काय बदलायचं, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात.